दाराबाहेर थांबलेले पोलीस कशाची वाट पाहत असतात? शीघ्र कृती दलाबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तालुक्याच्या गावी एका तरुणाने हातात कोयता घेऊन आईसह स्वतःला घरात कोंडून घेतलं. ठाण्याचे पोलीस वीस-पंचवीस मिनिटांत आले, पण आत शिरले नाहीत. जिल्ह्याहून क्यूआरटी, म्हणजे शीघ्र कृती दल, यायला अडीच तास गेले. ते आल्यावरही दार फोडलं नाही, पुढचे कितीतरी तास नुसतं बोलणं चालू होतं. शेवटी मुलगा स्वतःच बाहेर आला, आईला खरचटलंही नाही. शेजारी राहणाऱ्या प्रश्नकर्त्यांचा संताप असा: एवढी हत्यारं, एवढं प्रशिक्षण असताना पोलीस घाबरले का? बोलूनच सोडवायचं होतं तर हे पथक कशाला? आणि ते हवंच असेल तर प्रत्येक ठाण्यात का नाही?

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. नोकरीतली बरीच वर्षं ठाण्यांत गेली आणि मधला मोठा काळ जिल्हा मुख्यालयात, शीघ्र कृती दलाच्या कामात. तुमच्या गावातल्या त्या रात्रीची स्टेशन डायरी किंवा वायरलेसचे संदेश मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्यांचा प्रत्येक निर्णय बरोबर होता असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला भित्रेपणा दिसत नाही. काम जसं व्हायला हवं तसंच झालेलं दिसतं.

अशा ठिकाणी पोहोचलेल्या अधिकाऱ्याला सगळ्यात आधी एकाच गोष्टीचा छडा लावायचा असतो: आत या क्षणी कोणाला मारलं जातंय का? बाकी सगळे प्रश्न नंतरचे. उत्तर ‘हो’ असेल, म्हणजे आतून गोळ्यांचे आवाज येताहेत, किंकाळ्या येताहेत, वार चालू आहेत, तर थांबायचं नाही. क्यूआरटी पाच मिनिटांवर असली तरी थांबायचं नाही. जो पहिला पोचला त्याने, हातात जे असेल ते घेऊन, आत जायचं. उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे माणूस धमक्या देतोय, शिव्या देतोय, कोयता परजतोय, पण कोणावर हात टाकलेला नाही, तर वेळ आपल्या बाजूने असतो आणि तो जितका वाढवता येईल तितका वाढवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात, कारण दोन्हीकडे एक बंद दार आणि आत एक हत्यारबंद माणूस असतो. पण एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की माणसं मरतात.

याचं सगळ्यात वेदनादायी उदाहरण अमेरिकेतलं आहे. २४ मे २०२२ रोजी टेक्सास राज्यातल्या युवाल्डी गावात एक बंदूकधारी प्राथमिक शाळेत घुसला. पहिले पोलीस काही मिनिटांत शाळेच्या आत होते. मात्र तिथल्या प्रमुखाने हा ‘कोंडून घेतलेला माणूस’ आहे असं धरलं आणि ढाली, चाव्या, विशेष पथक यांची वाट पाहिली गेली. आत मुलं जखमी होती, वर्गातून मदतीसाठी फोन येत होते, आणि दार उघडायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. १९९९ साली अमेरिकेतल्याच कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा पोलीस स्वाटसाठी, म्हणजे तिथल्या विशेष हत्यारबंद पथकासाठी, थांबले, त्यानंतर अमेरिकेतल्या पोलिसांचं प्रशिक्षणच बदललं होतं. गोळीबार चालू असेल तर पहिल्याने आत शिरायचं, असा पाठ तेव्हापासून घोटून घेतला जात होता. तरीही प्रसंग ओळखण्यात चूक झाली आणि सगळं प्रशिक्षण बाजूला राहिलं.

आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, कमांडो हरियाणातल्या मानेसरहून निघून मुंबईत पोहोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर जे लढले ते मुख्यतः ठाण्यांतले आणि रेल्वेचे पोलीस होते, बहुतेकांच्या हातात काठी, पिस्तूल किंवा जुनी रायफल. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडला तो एकच, आणि त्याला पकडलं ते गिरगाव चौपाटीवरच्या साध्या नाकाबंदीने. वायरलेसवरून गाडीची खबर आली, नाकाबंदीवरच्या माणसांनी गाडी अडवली आणि सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, नळी सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पथकाच्या नव्या मुलांना आम्ही हे सांगायचो तेव्हा त्यात एक व्यावहारिक गोष्टही असायची: विशेष पथक येईपर्यंतचा काळ ठाण्याच्या माणसाचा असतो, आणि बरेचदा निकाल त्याच काळात लागतो.

तुमच्या गावातला प्रसंग दुसऱ्या प्रकारचा होता. मुलगा आईसह आत, हातात कोयता, पण आईचा आवाज येत होता, ती बोलत होती, असं तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी दार फोडलं तर काय होतं ते सांगतो. आपल्याकडच्या घरांना बाहेर लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी दार, खिडक्यांना ग्रिल. जाळी तोडायला कटर किंवा पहार लागते, त्याला वेळ जातो आणि आवाज होतो. पहिल्या आवाजापासून पहिला जवान आत शिरेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात त्या मुलाला आईपर्यंत चार पावलं टाकायची असतात. तो मघाशी मारणार नसला तरी आता मारू शकतो, कारण त्याला कोंडीत पकडलंय. शिवाय स्वयंपाकघरात गॅस सिलिंडर. रेग्युलेटर काढून ‘पेटवून देईन’ म्हणणारे लोक मी पाहिलेत, आणि अशा घरात अश्रुधुराचं नळकांडं टाकणं म्हणजे स्वतःच काडी लावणं. नळकांडं तापतं, त्यातून आग लागू शकते. चित्रपटात दिसणारे बरेच उपाय इथे बाद होतात ते यामुळे.

मग बोलण्याने काय होतं? राग, दारू, नशा, जागरण यांचा जोर शरीरात कायम टिकत नाही. तासातासाने माणूस थकतो, तहान लागते, लघवीला जावंसं वाटतं, झोप येते. सुरुवातीला ‘सगळ्यांना संपवतो’ म्हणणारा चौथ्या तासाला ‘माझ्यावर केस होईल का’ असं विचारायला लागतो. तो प्रश्न आला की आम्ही मनातल्या मनात सुटकेचा श्वास घ्यायचो, कारण ज्याला उद्याची काळजी वाटते त्याला आज मरायचं किंवा मारायचं नसतं. न्यूयॉर्क पोलिसांनी १९७३ पासून हे काम वेगळं शास्त्र म्हणून उभं केलं, त्यासाठी माणसं निवडून तयार केली. त्याआधीच्या वर्षी म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलिसांच्या सुटकेचा प्रयत्न पुरता फसला होता आणि जगभरच्या पोलिसांना त्याचा धक्का बसला होता.

बोलणाऱ्या अधिकाऱ्याचेही काही नियम असतात. बोलायचं एकानेच. तो सगळ्यात मोठा साहेब नसावा, कारण साहेबाकडे मागणी केली की ‘हो’ किंवा ‘नाही’ लगेच सांगावं लागतं. खालच्या माणसाला ‘विचारून सांगतो’ म्हणता येतं आणि त्यात वेळ मिळतो. खोटं आश्वासन द्यायचं नाही, एक खोटं पकडलं गेलं की पुढचं सगळं बोलणं वाया जातं. चहा, पाणी, सिगारेट यांवर घासाघीस करायची, पण आतल्या ओलिसाच्या बदल्यात दुसरा माणूस कधीच पाठवायचा नाही. आणि नातेवाइकांना माइक देण्याची घाई करायची नाही. ‘त्याच्या मामाला बोलवा, तो ऐकेल’ असं गर्दीतून हमखास कोणीतरी सुचवतं. पण भांडण ज्या जमिनीवरून असतं तिच्यात तोच मामा वाटेकरी असतो, हे आत बसलेल्याला माहीत असतं आणि आपल्याला नसतं.

हे सगळं चालू असताना क्यूआरटी काय करत असते? तुम्हाला ती नुसती उभी दिसली. खरं तर ती दाराशेजारी, जिन्यात, मागच्या खिडकीखाली तयारीत असते. ढालवाला पुढे, त्याच्या मागे आत शिरणारे दोघं, दार उघडणारा वेगळा, जखमीला उचलणारा वेगळा. घराचा नकाशा शेजारच्या तशाच फ्लॅटमध्ये जाऊन पाहिलेला असतो, दार आत उघडतं की बाहेर, बिजागऱ्या कुठल्या बाजूला, पलंग कुठे, हे सगळं पाठ केलेलं असतं. बोलणं चालू असताना आतून किंकाळी आली असती तर काही सेकंदांत ते आत असते. म्हणजे मघाचा पहिला प्रकार आणि दुसरा प्रकार यांच्यातली सीमा कुठल्याही क्षणी ओलांडली जाऊ शकते, आणि त्या क्षणासाठी ते तिथे असतात. दार फोडायची ताकद पाठीशी तयार असते म्हणून बोलणारा अधिकारी शांतपणे बोलू शकतो. ‘बोलायचंच होतं तर पथक कशाला’ याचं माझं उत्तर हे आहे.

कायद्याची बाजूही लक्षात घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे अटकेला विरोध करणाऱ्यावर आवश्यक तेवढं बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा त्यासाठी जीव घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळत नाही. स्वतःचा किंवा आईचा जीव वाचवण्यासाठी गोळी झाडता येते, पण तो धोका त्या क्षणी खरा असावा लागतो. पोलिसांच्या गोळीने कोणी मेला तर गुन्हा नोंदवणं, सीआयडीकडून किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी हे सगळं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्राच्याच एका खटल्यात घालून दिलेलं आहे. मला या अटींचं कधी ओझं वाटलं नाही. आणि तो मुलगा मनाने आजारी असेल, जी शक्यता तुमच्या वर्णनावरून दाट वाटते, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १०० लागू होतं: अशा व्यक्तीला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. तो तेव्हा गुन्हेगारापेक्षा रुग्ण जास्त असतो, आणि त्याला जिवंत बाहेर काढणं हेही पथकाचंच काम आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: मारहाण चालू असेल तर थांबायचं नाही, नसेल तर घाई करायची नाही, आणि थांबलेलं पथक रिकामं नसतं. आता दुसरा प्रश्न, प्रत्येक ठाण्यात असं पथक का नाही.

इथे आधी थोडा गोंधळ दूर करू, कारण लोक सगळ्यांनाच ‘कमांडो’ म्हणतात. जिल्ह्याच्या क्यूआरटीचं काम हत्यारबंद, अचानक उद्भवलेला प्रसंग. दंगल झाली तर आरसीपी, म्हणजे दंगल नियंत्रण पथक, आणि जास्तच झालं तर राज्य राखीव दल. बेवारस बॅग सापडली तर बीडीडीएस, म्हणजे बॉम्ब शोधक आणि नाशक पथक, त्यांच्याबरोबर श्वान. पूर आला, दरड कोसळली तर तळेगावजवळची एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन किंवा धुळे-नागपूरचं एसडीआरएफ, म्हणजे राज्याचं तसंच दल. गडचिरोलीत १९९० साली उभं राहिलेलं सी-६० हे जंगलातल्या मोहिमांसाठी, स्थानिक मुलांचं, गोंडी बोलणारं दल. मुंबईतलं फोर्स वन हे २६/११ नंतर दहशतवादी हल्ल्यासाठी उभं केलेलं. प्रत्येकाचं प्रशिक्षण वेगळं आणि हत्यारंही वेगळी. दंगलीचा जवान खोलीत शिरायला पाठवला किंवा खोलीत शिरणारा जवान जमावासमोर उभा केला तर दोन्हीकडे अनर्थ होतो.

आता अंतर. अहिल्यानगर क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, अकोले तालुक्यातल्या एखाद्या गावाला मुख्यालयातून निघालेली गाडी पोहोचायला अडीच-तीन तास सहज लागतात. गडचिरोलीहून सिरोंचा जवळपास दोनशे किलोमीटर. म्हणून ‘जवळ पथक हवं’ ही तुमची मागणी चुकीची नाही. पण हे कौशल्य रोज वापरलं नाही तर गंजतं. अरुंद जिन्यात ढाल घेऊन चढणं, अंधाऱ्या खोलीत ओलीस कोण आणि हल्लेखोर कोण हे क्षणात ओळखून बोट ट्रिगरवरून दूर ठेवणं, यासाठी आठवड्याआठवड्याला सराव लागतो. ठाण्यात पाच-सहा मुलं नेमली की पहिल्या महिन्यात त्यांचा सराव होईल. दुसऱ्या महिन्यात एक समन्स बजावायला, एक कोर्टात, एक रात्रगस्तीला, दोन यात्रेच्या बंदोबस्ताला जातील. नाव पथकाचं राहील, सराव संपलेला असेल. अशा पथकाच्या भरवशावर कोणी दार फोडलं तर ती आई वाचली नसती.

मला स्वतःला सगळ्यात जास्त चीड येते ती याच गोष्टीची. जिल्हा पातळीवरच्या क्यूआरटीलासुद्धा गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, मोर्चा यांत सर्रास उभं केलं जातं, कारण मनुष्यबळ कमी आणि ही मुलं तगडी, गणवेशात उठून दिसणारी. बंदोबस्त महत्त्वाचा आहे, मी तो नाकारत नाही. पण चौकात बारा तास उभ्या राहिलेल्या जवानाला रात्री तुमच्या गावी पाठवलं तर त्याचा हात आणि डोळा दोन्ही थकलेले असतात. पथकाचा सरावाचा दिवस हा कोर्टाच्या तारखेसारखा पक्का असला पाहिजे. आमच्याकडे मुलं सराव रद्द झाल्यावर हिरमुसायची आणि मला त्यांची बाजू घेऊन वर भांडावं लागायचं.

पथकाला घाईघाईने पाठवण्याचा धोकाही असतो. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी आधी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाची खासगी गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. जाळपोळ हे आमिष होतं. पथक येणार, कुठल्या रस्त्याने येणार, याचा अंदाज समोरच्याने बांधला होता. तुमच्या गावात नक्षलवादी नाहीत, पण ‘लवकर का नाही आले’ असं विचारताना रस्ता तपासणं, गाडी कोणती, पुढे कोण, हाही त्या वेळेचा भाग असतो हे ध्यानात राहू द्या.

माझ्या मते ठाण्यांना हवं ते वेगळं आहे. प्रत्येक ठाण्यात दोन चांगल्या ढाली, हेल्मेट, चालू स्थितीतली बुलेटप्रूफ जॅकेटं, मेगाफोन, दार उघडायची साधनं, आणि प्रत्येक पाळीत निदान एक असा अंमलदार ज्याला बोलायचं शिकवलंय. तुमच्या गावात पहिल्या अडीच तासांत ठाण्याच्या माणसांनी जे केलं ते बारकाईने पाहा. तुम्हीच लिहिलंय की त्यांनी वरच्या-खालच्या मजल्यावरची कुटुंबं बाहेर काढली, जिना मोकळा केला, गर्दी कोपऱ्यापलीकडे नेली, अग्निशमन आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलावली, आणि एक हवालदार दारापाशी सतत त्या मुलाशी बोलत राहिला. आतला घेरा, बाहेरचा घेरा, संवाद सुरू. क्यूआरटी आली तेव्हा तिला तयार प्रसंग हातात मिळाला. त्या हवालदाराचं नाव कोणी विचारलं नसेल, पण त्या आईचा जीव मुख्यतः त्याने वाचवला असं मी मानतो.

परिस्थितीप्रमाणे यातलं बरंच बदलतं. हातात कोयत्याऐवजी बंदूक असती तर घेरा कितीतरी मोठा लागला असता. आत लहान मूल असतं, किंवा आईला मधुमेह असून इन्सुलिनची वेळ टळत असती, तर थांबण्याची मर्यादा लवकर आली असती. मुलाने आधी कोणाचा खून करून घरात आसरा घेतला असता तर बोलण्याचा सूरच वेगळा असता. घटनास्थळी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला हे सगळं एकत्र तोलावं लागतं, तेही अपुऱ्या माहितीवर.

ती माहिती अपुरी राहू नये यासाठी शेजारी बरंच करू शकतात. ११२ ला फोन करताना नुसतं ‘लवकर या’ म्हणू नका. आत कोण कोण आहे, हत्यार कोणतं, माणूस नशेत आहे का, त्याच्यावर कुठले उपचार चालू आहेत, औषधं कधीपासून बंद आहेत, सिलिंडर कुठे आहे, मागचं दार आहे का, हे सांगा. पोलीस आल्यावर एकाने पुढे होऊन हीच माहिती द्यावी, दहा जणांनी नाही. घराची दुसरी चावी कोणाकडे असेल तर ती शांतपणे पोलिसांच्या हातात द्या, स्वतः लावून पाहू नका. खालून ओरडून समजूत घालू नका, आणि ‘मार ना, हिंमत असेल तर’ असं ओरडणाऱ्याला तिथून दूर न्या.

आणि मोबाइल खिशात ठेवा. २६/११ ला ताजबाहेरचं थेट प्रक्षेपण पाकिस्तानात बसलेले सूत्रधार पाहत होते आणि आतल्या हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या खटल्याच्या निकालात वाहिन्यांना त्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं आणि पुढे दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमांनी बंदी आली. तुमच्या खिडकीतून केलेलं लाइव्ह त्या मुलाच्या हातातल्या फोनवरही दिसतं. जिन्यात ढाल घेऊन दबून बसलेले जवान त्याला तुमच्यामुळे दिसले तर त्यांची सगळी तयारी फुकट जाते.

शेवटी, तुम्ही ओझरतं लिहिलंय की तो मुलगा चार-पाच महिने रात्री ओरडायचा, भिंतीशी बोलायचा, आई दार लावून रडायची. तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करता आला असता, तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. आता तो उपचार घेऊन घरी येईल. त्याची औषधं चालू आहेत ना, आई जेवली ना, एवढं विचारायला अधूनमधून त्यांच्या दारावर थाप मारत जा, आणि पुन्हा तशीच लक्षणं दिसली तर कोयता बाहेर येण्याआधी त्या हवालदाराला ठाण्यात जाऊन भेटा.